बांधकाम प्रकल्पांचे वायुउत्सर्जन: संगणकीय अंदाज किती विश्वासार्ह?

वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असलेल्या शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि औद्योगिक शेड यांना पूर्व पर्यावरण मंजुरीतून सूट देणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २०२५ रोजी रद्द केली. केंद्र सरकारने २९ जानेवारी २०२५ रोजी काढलेल्या अधिसूचनेत ही तरतूद होती. मुंबईतील वनशक्ती या संस्थेने तिला आव्हान दिले होते. अधिसूचनेचा उर्वरित भाग न्यायालयाने कायम ठेवला. इमारत कोणत्या कामासाठी बांधली जाते यावरून तिचा पर्यावरणावरील परिणाम ठरत नाही, असा या निकालाचा आशय आहे.

निकालानंतर एक व्यावहारिक प्रश्न उरतोच. उभ्या राहणाऱ्या इमारतीमुळे हवेत नेमके किती प्रदूषण मिसळणार, हे आधी कसे सांगायचे? पाया खणण्यापूर्वी मोजण्यासारखे काहीच नसते. त्यामुळे अंदाज बांधावा लागतो आणि हा अंदाज आता जगभर संगणकीय सॉफ्टवेअरच्या साह्याने बांधला जातो. सल्लागार संस्था माहिती भरते, यंत्र आकडे देते, आकडे अहवालात जातात आणि समिती त्यावर निर्णय घेते. या साखळीत आकडा अचूक दिसतो, मात्र तो ज्या गृहीतकांवर उभा असतो त्यांची तपासणी क्वचितच होते. या क्षेत्रातील सर्वाधिक अनुभव अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या गाठीशी आहे. तेथील यशापयश भारतातील नियोजनकर्ते, नगरपालिका आणि नागरिक या सर्वांना उपयोगी पडणारे आहे.

कॅलिफोर्नियाची प्रणाली

कॅलिफोर्नियात १९७० च्या पर्यावरण गुणवत्ता कायद्यानुसार मोठ्या बांधकाम प्रकल्पांच्या परिणामांचा अहवाल तयार करावा लागतो. हवेच्या हिशेबासाठी तेथे पूर्वी ‘अर्बेमिस’ ही प्रणाली वापरली जात असे. २०११ मध्ये तिची जागा ‘कॅलिफोर्निया एमिशन्स एस्टिमेटर मॉडेल’ म्हणजेच ‘कॅलईईमॉड’ या प्रणालीने घेतली. राज्यातील वायुप्रदूषण नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने विविध वायू जिल्ह्यांच्या सहकार्याने ती विकसित केली. तिची २०२२ ची आवृत्ती इंटरनेटवर चालते आणि कोणालाही विनामूल्य वापरता येते.

जागेचे स्थान, क्षेत्रफळ, इमारतीचा प्रकार आणि काम सुरू होण्याची तारीख भरली की ही प्रणाली बाकीच्या बहुतेक गोष्टी स्वतःच गृहीत धरते. पाडकाम, जागेची तयारी, सपाटीकरण, बांधकाम, डांबरीकरण आणि रंगकाम असे सहा टप्पे ती मांडते. प्रत्येक टप्प्यात कोणती यंत्रे किती तास चालतील, डंपरच्या किती फेऱ्या होतील, इमारतीत लोक राहायला आल्यावर रोज किती वाहने ये-जा करतील, याची मूल्ये तिच्यात आधीपासून भरलेली असतात. त्यांनाच ‘डिफॉल्ट’ म्हणतात. नायट्रोजन ऑक्साइड, बाष्पशील सेंद्रिय संयुगे, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड, पीएम १० आणि पीएम २.५ हे धूलिकण, तसेच हरितगृह वायू यांचे आकडे ती देते.

सर्व हिशेबामागील सूत्र मात्र साधे आहे. काम किती आणि त्या कामाच्या प्रत्येक एककामागे प्रदूषण किती, यांचा तो गुणाकार आहे. दुसऱ्या संख्येला उत्सर्जन गुणांक म्हणतात. उदाहरणार्थ, १५० किलोवॉट क्षमतेचे दोन लोडर रोज आठ तास, सरासरी ४० टक्के भारावर चालतात असे समजू. रोजची ऊर्जा ९६० किलोवॉट-तास होते. भारतातील जुन्या तिसऱ्या टप्प्याच्या निकषानुसार अशा इंजिनातून प्रति किलोवॉट-तास नायट्रोजन ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन मिळून ४ ग्रॅमपर्यंत उत्सर्जनास मुभा होती. म्हणजे दिवसाला सुमारे ३.८ किलो. नव्या टप्प्यांत नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ०.४ ग्रॅम असल्याने तेच काम ०.४ किलोच्या आत होते. यंत्र जुने की नवे, या एका उत्तरावर आकडा जवळपास दहापट बदलतो.

तयार मूल्ये तपासूनच स्वीकारावीत

सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने पाळायचा पहिला नियम यातूनच निघतो. प्रकल्पाविषयी जी माहिती प्रत्यक्ष उपलब्ध आहे, ती तयार मूल्याच्या जागी भरावी. जी उपलब्ध नाही, तेथेच तयार मूल्य ठेवावे. कॅलईईमॉडमधील यंत्रांची यादी दक्षिण कॅलिफोर्नियातील बांधकाम स्थळांच्या पाहणीवर आधारलेली आहे. डोंगरउतारावरील प्रकल्पाला किंवा दोन मजली तळघर खोदणाऱ्या संकुलाला ती जशीच्या तशी लागू पडत नाही.

मूल्य बदलल्यास कारण लिहिणे ही तेवढीच महत्त्वाची बाब आहे. कॅलईईमॉडच्या अहवालात वापरकर्त्याने बदललेल्या मूल्यांची आणि त्यामागील कारणांची नोंद छापली जाते. अहवाल वाचणाऱ्याने प्रथम हेच पान उघडावे. कारण न देता यंत्रांचे तास कमी केलेले असतील किंवा कामाचे दिवस वाढवलेले असतील, तर अंतिम आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

शासकीय यंत्रणेची तयार मूल्येही चुकू शकतात, याचाही अनुभव कॅलिफोर्नियाने घेतला आहे. बांधकाम यंत्रे किती भारावर चालतात याचे तेथील जुने अंदाज सुमारे ३३ टक्के जास्त असल्याचे २०१० च्या सुमारास आढळले आणि राज्याच्या वायुसंसाधन मंडळाला ते खाली आणावे लागले. म्हणूनच प्रणालीची कोणती आवृत्ती वापरली हे अहवालात नमूद असणे आवश्यक ठरते.

मातीच्या फेऱ्या आणि सर्वाधिक उत्सर्जनाचा दिवस

अंदाज सर्वाधिक चुकतो तो मातीच्या वाहतुकीत. कॅलईईमॉड एका डंपरची क्षमता १६ घनयार्ड, म्हणजे सुमारे १२ घनमीटर धरते आणि एकेरी अंतर २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर मानते. समजा १०,००० घनमीटर माती बाहेर न्यायची आहे. त्यासाठी सुमारे ८२० डंपर भरावे लागतील. प्रत्येक डंपर जातो आणि परत येतो, त्यामुळे एकेरी फेऱ्या १,६४० होतात. जाणे-येणे मिळून एकच फेरी धरली, तर वाहतुकीचे उत्सर्जन थेट निम्मे दिसते. माती टाकण्याची जागा ३२ ऐवजी ६० किलोमीटरवर असेल, तर डंपरचा एकूण प्रवास ५२ हजारांवरून ९८ हजार किलोमीटरवर जातो. शिवाय उकरलेली माती सैल होऊन तिचे आकारमान वाढते. नकाशावरील खड्ड्याचे माप तेवढेच मातीचे माप मानणेही चुकीचे आहे.

दुसरा मुद्दा कालावधीचा. या १,६४० फेऱ्या २० दिवसांत केल्या तर रोज ८२ होतात आणि ६० दिवसांत केल्या तर २७. एकूण उत्सर्जन तेवढेच राहते, पण शेजारच्या वस्तीवर एका दिवशी येणारा भार तिप्पट होतो. लॉस एंजेलिस परिसराच्या वायू जिल्ह्याने बांधकामाच्या काळात नायट्रोजन ऑक्साइडसाठी दिवसाला १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो, तर पीएम २.५ साठी ५५ पौंड, म्हणजे सुमारे २५ किलो अशी मर्यादा ठरवली आहे. ती सर्वाधिक उत्सर्जनाच्या दिवसाला लावली जाते. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील वायू जिल्हा मात्र दैनंदिन सरासरी पाहतो. दोन्ही पद्धतींना आधार आहे. तथापि, अहवालात वापरलेली पद्धत आणि ज्या मर्यादेशी तुलना केली ती मर्यादा एकाच जातीची आहे ना, हे पाहणे वाचणाऱ्याचे काम आहे.

टप्पे एकमेकांत मिसळत असतील, म्हणजे एका भागात खोदकाम आणि दुसऱ्या भागात काँक्रीटचे काम एकाच वेळी चालणार असेल, तर तारखाही तशाच भराव्यात. कागदावर टप्पे एकापाठोपाठ मांडले की सर्वाधिक उत्सर्जनाचा दिवस आपोआप सौम्य दिसतो. रंगकामाबाबतही हीच दक्षता घ्यावी लागते. सगळी इमारत थोड्या दिवसांत रंगवली जाणार असे भरले, तर बाष्पशील संयुगांचा उच्चांक त्याच टप्प्यात येतो. कमी बाष्पशील घटकांचा रंग वापरणे किंवा रंगकाम अधिक दिवसांत विभागणे हे त्यावरचे उपाय आहेत. काम सुरू होण्याचे वर्ष अनिश्चित असेल, तर अलीकडचे वर्ष धरणे सुरक्षित असते. पुढचे वर्ष भरले की प्रणाली अधिक नवी आणि स्वच्छ वाहने गृहीत धरते आणि आकडा काहीही न करता घटतो.

उपाययोजना फक्त अहवालात नको

प्रत्येक प्रणालीत उपाययोजनांचा एक भाग असतो. उघड्या जमिनीवर दिवसातून दोनदा किंवा तीनदा पाणी मारल्यास तेथील धूळ निम्म्याहून अधिक घटते, असे कॅलिफोर्नियात मानले जाते. एका खुणेसरशी धुळीचा मोठा वाटा अहवालातून वजा होतो. प्रत्यक्षात मात्र टँकर लागतो, पाणी लागते, ते मारणारा माणूस लागतो आणि उन्हाळ्यात पाणीटंचाई असताना ते तीनदा मारले जाईल का, असा प्रश्न उभा राहतो.

म्हणूनच उपाययोजनेशिवायचा आकडा आणि उपाययोजनेनंतरचा आकडा असे दोन्ही अहवालात असावेत. ज्या उपायाचे श्रेय घेतले, तो परवानगीच्या अटींमध्ये शब्दशः आला पाहिजे. अटीत नसलेल्या उपायाचे श्रेय अहवालात घेणे म्हणजे न भरलेल्या रकमेची पावती फाडण्यासारखे आहे.

फ्रेस्नोचा धडा

आकडे अगदी नीट काढले तरी काम पूर्ण होत नाही, हे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दाखवून दिले. फ्रेस्नो काउंटीत फ्रायंट धरणाच्या परिसरात ९४२ एकरांवर ‘फ्रायंट रँच’ ही वसाहत प्रस्तावित होती. सुमारे अडीच हजार घरांची ही वसाहत प्रामुख्याने ५५ वर्षांवरील रहिवाशांसाठी होती. ज्या सॅन वाकिन खोऱ्यात ती उभी राहणार होती, ते अमेरिकेतील सर्वाधिक प्रदूषित हवेच्या प्रदेशांपैकी एक आहे.

वसाहत पूर्ण झाल्यावर दरवर्षी पीएम १० चे ११७.३८ टन, बाष्पशील सेंद्रिय संयुगांचे १०९.५२ टन आणि नायट्रोजन ऑक्साइडचे १०२.१९ टन उत्सर्जन होईल, असे अहवालात नमूद होते. स्थानिक मर्यादा अनुक्रमे १५, १० आणि १० टनांची होती. मर्यादा ओलांडली जाणार, हे अहवालाने मान्यही केले होते. या प्रदूषकांमुळे श्वसनाचे कोणते विकार होतात, याची सर्वसाधारण माहितीही दिली होती. मात्र या आकड्यांचा त्या परिसरातील लोकांच्या आरोग्याशी संबंध काय, हे कोठेही सांगितले नव्हते.

सिएरा क्लब या संस्थेने दाखल केलेल्या या खटल्यात २४ डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयाने अहवाल अपुरा ठरवला. उत्सर्जनाचा आरोग्यावरील परिणामांशी संबंध जोडून दाखवावा किंवा तसे करणे सध्याच्या शास्त्रानुसार का शक्य नाही हे स्पष्ट करावे, असे न्यायालयाने सांगितले. ओझोनसारखा वायू मोठ्या प्रदेशात तयार होत असल्याने एका प्रकल्पाचा वाटा वेगळा काढणे कठीण असते, असे म्हणणे वायू जिल्ह्यांनी न्यायालयापुढे मांडले होते. अडचण खरी असली तरी ती वाचकाला सांगितली पाहिजे, हा या निकालाचा गाभा आहे. दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत दिलेला आकडाही नागरिकाला काहीच सांगत नाही, असे घडू शकते.

येथे एक तांत्रिक भेद लक्षात घेणे गरजेचे आहे. कॅलईईमॉडसारखी प्रणाली किती किलो प्रदूषण बाहेर पडेल ते सांगते. ते वाऱ्याबरोबर कोठे जाईल आणि शेजारच्या शाळेच्या अंगणात त्याचे प्रमाण किती असेल, हे ती सांगत नाही. त्यासाठी ‘एरमॉड’सारखी प्रसारण प्रणाली लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००५ मध्ये तिला प्राधान्याची प्रणाली म्हणून मान्यता दिली आणि भारतातील आघात मूल्यांकन अहवालांतही ती वापरली जाते. पहिल्या प्रणालीचे उत्तर दुसरीसाठी कच्चा माल ठरते. पहिल्या पायरीवरील चूक अखेरपर्यंत सोबत राहते.

भारतात काय लागू पडते?

भारतात १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर व त्यापुढील बांधकामांना, तसेच १,५०,००० चौरस मीटर किंवा ५० हेक्टरपासून पुढच्या नगरवसाहतींना पूर्व पर्यावरण मंजुरी लागते. कॅलिफोर्नियाची प्रणाली इंटरनेटवर खुली असल्याने ती येथेही वापरावी, असा मोह होऊ शकतो. तसे करणे योग्य नाही. तिची वाहने, इंधन, रस्ते आणि लोकांच्या प्रवासाच्या सवयी कॅलिफोर्नियाच्या आहेत. तेथे घरामागे मोटारीच्या जितक्या फेऱ्या धरल्या जातात, त्या दादर किंवा चांदणी चौकातील इमारतीला लागू पडणार नाहीत. उलट रस्त्यावरील धूळ येथे कितीतरी अधिक असते.

सूत्र मात्र सर्वत्र तेच आहे. त्यात स्थानिक गुणांक भरायचे असतात. भारतीय वाहनांचे उत्सर्जन गुणांक पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने तयार केले असून दिल्ली, मुंबई, पुणे, चेन्नई, बेंगळुरू आणि कानपूर या सहा शहरांच्या प्रदूषणस्रोत अभ्यासासाठी ते वापरले गेले. मात्र एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांपूर्वीचे ते असल्याने नव्या वाहनांसाठी वेगळी मूल्ये घ्यावी लागतात. जनरेटरसाठी जुलै २०२३ पासून लागू झालेले नवे निकष आहेत. रबरी टायरच्या बांधकाम वाहनांचे निकष साखळीवर चालणाऱ्या पोकलेनला लागू होत नाहीत. त्यामुळे सर्व यंत्रे नव्या निकषांची आहेत, असे सरसकट धरता येत नाही.

धुळीसाठी अमेरिकेच्या ‘एपी-४२’ या संकलनातील सूत्रे भारतातही वापरली जातात. डांबरी रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीच्या सूत्रात रस्त्यावर साचलेल्या बारीक मातीचे प्रमाण हा निर्णायक घटक आहे. ते दुप्पट झाले तर उडणारी धूळ जवळपास १.९ पट होते. परदेशी स्वच्छ रस्त्याचे मूल्य भरण्याऐवजी प्रकल्पासमोरील रस्त्याचा नमुना घेऊन मोजणी करणे हाच खात्रीचा मार्ग आहे. या संकलनात प्रत्येक गुणांकाला ‘ए’ पासून ‘ई’ पर्यंत विश्वासार्हतेची श्रेणी दिलेली असते. ‘डी’ किंवा ‘ई’ श्रेणीच्या गुणांकातून निघालेले उत्तर दशांशात मांडणे दिशाभूल करणारे ठरते.

अंतिम उत्तराची तुलना राष्ट्रीय मानकांशी करताना आधीच हवेत असलेले प्रदूषण विसरता येत नाही. २००९ च्या मानकांनुसार २४ तासांसाठी पीएम १० ची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५ ची ६० मायक्रोग्रॅम आहे. हिवाळ्यात अनेक शहरांत ही मर्यादा प्रकल्पाशिवायच ओलांडली जाते. अशा ठिकाणी प्रकल्पाची भर अल्प आहे, एवढे म्हणणे पुरेसे होत नाही. खोदकाम कोणत्या महिन्यांत होणार, हेही अहवालात आले पाहिजे.

नागरिकांनी काय विचारावे?

दिल्लीत ५०० चौरस मीटर व त्यापुढील भूखंडांवरील बांधकामांना धूळ नियंत्रणासाठी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये एक एकरपेक्षा मोठ्या भूखंडांभोवती ३५ फूट उंच पत्रे लावण्याचे निर्देश दिले. हे उपाय काम सुरू झाल्यावर दिसतात. अंदाजाचा अहवाल मात्र काम सुरू होण्यापूर्वी वाचता येतो आणि हीच त्याची खरी किंमत आहे.

तो वाचण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. कोणती मूल्ये तयार घेतली आणि कोणती बदलली? माती कोठे जाणार आणि फेऱ्या एकेरी मोजल्या की दुहेरी? सर्वाधिक उत्सर्जनाचा दिवस कोणता? ज्या उपायांचे श्रेय घेतले, ते अटींमध्ये आहेत का? आणि सर्वांत जवळच्या घरात, शाळेत किंवा रुग्णालयात हवेत किती भर पडणार? या पाच प्रश्नांची उत्तरे सापडली तर अहवाल विश्वासार्ह मानता येईल.

कॅलिफोर्नियाने ३० जून २०२५ रोजी कायदे करून शहरांतर्गत गृहनिर्माणाच्या अनेक प्रकल्पांना पर्यावरण अहवालातून सूट दिली. घरांची टंचाई आणि खटल्यांमुळे होणारा विलंब ही त्यामागची कारणे होती. भारतातही परवानगीची प्रक्रिया सुटसुटीत करण्याची मागणी होतच राहील. ती अवाजवी नाही. परंतु ज्या प्रकल्पांना अहवाल द्यावा लागतो, त्यांचे आकडे तरी तपासता येण्याजोगे असावेत, ही अपेक्षा रास्त आहे. संगणक गुणाकार अचूक करतो. त्याला कोणत्या संख्या दिल्या याचे उत्तर त्या भरणाऱ्याने द्यायचे असते आणि ते मागण्याचा अधिकार शेजारी राहणाऱ्याला असतो.